बाटलीवर द्राक्षाचं नाव शोधू नका: वूव्रेच्या वाइनची पहिली ओळख

माझं माहेर पिंपळगाव बसवंतचं. घरची द्राक्षबाग, लहानपण थॉमसन जातीच्या द्राक्षांच्या मांडवाखाली गेलेलं, छाटणी-डिपिंग-विरळणी हे शब्द शाळेतल्या पाढ्यांआधी पाठ झालेले. त्यामुळे द्राक्षातलं आपल्याला कळतं असा माझा पक्का समज होता. नवऱ्याच्या नोकरीमुळे फ्रान्समधल्या तूर शहरात दोन वर्षं राहिले आणि तो समज पहिल्याच महिन्यात उतरला.

झालं असं, की शेजारचं फ्रेंच जोडपं जेवायला येणार होतं. मी रवा लावून मासे तळले आणि जवळच्या सुपरमार्केटातून, इथलीच म्हणून, वूव्रेची बाटली आणली. पांढरी वाइन आणि मासे, यात काय चुकणार? बाटली उघडली, सगळ्यांनी पहिला घोट घेतला आणि टेबलावर शांतता पसरली. वाइन चांगलीच गोड होती. तळलेल्या माशाबरोबर काकवी खावी तसं लागलं. पाहुणे सभ्य, ते फक्त "आँतेरेसाँ" म्हणाले. मनोरंजक! फ्रेंच माणूस तुमच्या जेवणाला मनोरंजक म्हणाला की काय समजायचं ते समजून घ्या.

बाटलीवर सगळं लिहिलेलं होतं. काय वाचायचं तेच मला माहीत नव्हतं. तुम्ही शिकायला, नोकरीला किंवा फिरायला त्या भागात जाणार असाल, तर माझ्यासारखी फजिती होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. वाइन पितच नसाल तरी चालेल. तिथली वाइनची तळघरं आणि तिथलं चीज यांसाठीही चक्कर वसूल होते.

१. आधी एक गाठ सोडवा: वूव्रे हे गाव आहे

वूव्रे हे द्राक्षाचं नाव नाही, कंपनीचंही नाही. तूरपासून पूर्वेला दहाएक किलोमीटरवर, ल्वार नदीच्या उत्तर काठावर वसलेलं ते गाव आहे. १९३६ साली या गावाला आणि आसपासच्या काही गावांना मिळून नावाचा कायदेशीर हक्क मिळाला. आपल्याकडे हापूसला किंवा नाशिकच्या द्राक्षांना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, असतं ना, त्याचाच हा जुना आणि जास्त कडक अवतार. द्राक्ष कोणतं लावायचं, एकरी किती काढायचं, वाइन कशी करायची हे सगळं त्यात ठरवून दिलेलं असतं. म्हणूनच लेबलावर द्राक्षाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. तिथल्या माणसाच्या दृष्टीने ते लिहायची गरजच नाही. वूव्रे म्हटलं की द्राक्ष ठरलेलं.

आणि ते द्राक्ष म्हणजे शेनिन ब्लाँ. नाशिकच्या माणसाला हे नाव अनोळखी नाही. नाशिकच्या सुला या वाइन कंपनीने २००० साली पहिल्या वाइन काढल्या त्यांत शेनिन होती, आणि आज दिंडोरीच्या बाजूला कंत्राटी बागांमधून ती भरपूर दिसते. आपण हौसेने विकत घेतो त्या शेनिनचं माहेर हे. स्थानिक लोक तिला 'ल्वारची पिनो' असंही म्हणतात. पिनो न्वार या काळ्या द्राक्षाशी तिचा संबंध नाही, फक्त नावाचा घोळ.

पण वेल तोच असला तरी वाइन वेगळी का लागते? आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्चमध्ये, ऊन तापायच्या आत. वूव्रेत वर्षाला एकच छाटणी, तीही थंडीत, वेल ठार झोपलेला असताना. एप्रिलमध्ये कोंब फुटतात (आणि कधीकधी त्याच महिन्यात हिमकडाक्याने जळतात, २०२१च्या एप्रिलमध्ये फ्रान्सभर तसं झालं), आणि काढणी सप्टेंबरअखेरपासून कधी नोव्हेंबरपर्यंत रेंगाळते. थंड रात्री, मंद पिकणं, त्यामुळे साखर वाढली तरी आंबटपणा टिकून राहतो. शेनिनची सगळी गंमत त्या आंबटपणात आहे. नाशिकची शेनिन मला पेरू-अननसाच्या वळणाची वाटते, ताजी असतानाच प्यायची. वूव्रेची तरुण असताना हिरव्या सफरचंदासारखी करकरीत, आणि वय वाढलं की मध, मेण, बिही. बिही म्हणजे तेच फळ ज्याच्या बिया आजी खोकल्यावर भिजवून द्यायची, बिहीदाणा.

तिथल्या बागेत मांडव नसतो हेही सांगून ठेवते. कमरेएवढ्या तारांवर बुटके वेल. फोटो पाठवला तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता, "बाग अजून लहान आहे का?" ते वेल पन्नास वर्षांचे होते.

२. लेबल वाचा, तेही या क्रमाने

हा टप्पा चुकला की पुढचं सगळं चुकतं, म्हणून इथे जरा बसते.

वूव्रेत एकाच द्राक्षापासून पाच-सहा प्रकारच्या वाइन होतात. त्यातला फरक एका शब्दात लिहिलेला असतो, आणि तो शब्द कधी पुढे ठळक, कधी मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत.

'सेक' म्हणजे कोरडी. तीन अक्षरांचा छोटासा शब्द. वूव्रेच्या नियमाप्रमाणे यात लिटरला जेमतेम ८ ग्रॅमपर्यंत साखर उरलेली असू शकते, पण आंबटपणामुळे ती जाणवत नाही.

'दमी-सेक' म्हणजे अर्धी कोरडी. शब्दाच्या मध्ये आडवी रेघ. याला मी मुद्दाम 'अर्धी गोड' म्हणते, कारण आपल्या जिभेला ती तशीच लागते. वूव्रेचं खरं वैशिष्ट्य कोणतं विचाराल तर मी हीच बाटली पुढे करेन. दुसऱ्या कुठल्याच गावाला हा मधला सूर इतका नीट लागत नाही, असं माझं मत.

'म्वालो' म्हणजे गोड. एमने सुरू होऊन एक्सने संपणारा, मध्ये दोन एल असलेला लांब शब्द. उच्चाराचा आणि स्पेलिंगचा काही संबंध नाही. माझ्या फसलेल्या बाटलीवर हाच होता. त्याच्याही पुढची पायरी 'दू', लिटरला ४५ ग्रॅमच्या वर साखर.

'ब्र्युत' दिसलं की ती फसफसणारी. शँपेनसारखीच, बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली, पण किमतीला बरीच स्वस्त. वूव्रेतलं निम्म्याहून जास्त उत्पादन बुडबुड्यांचं असतं हे पुष्कळांना माहीत नसतं. 'पेतियाँ' म्हणजे त्याचीच सौम्य बहीण, कमी दाबाची. बुडबुडे जिभेला टोचत नाहीत. मिळाली तर सोडू नका, गावाबाहेर फारशी जात नाही.

फसण्याची जागा: काही बाटल्यांवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. मग आपण समजतो, नुसतं वूव्रे म्हणजे कोरडीच असणार. तसं अजिबात नाही. शिवाय 'सेक-तांद्र' असा एक शब्द लोक तोंडी वापरतात. कोरडीपेक्षा किंचित मऊ, पण दमी-सेक म्हणण्याइतकी नाही. हा शब्द कायद्यात नाही, त्यामुळे एकाची सेक-तांद्र दुसऱ्याच्या दमी-सेकएवढी गोड निघू शकते. दुकानात सरळ विचारा: "से सेक?" तेवढ्या दोन शब्दांत माझी ती संध्याकाळ वाचली असती.

मग वर्ष बघा. शँपेनचे बरेच उत्पादक अनेक वर्षांची सरमिसळ करतात; वूव्रेच्या साध्या, बिनबुडबुड्याच्या वाइनवर मात्र वर्ष असतंच आणि त्याला अर्थ असतो. थंड, ओल्या वर्षी सेक आणि ब्र्युत जास्त होते. शरद ऋतू उबदार गेला तर म्वालो. २०१३च्या जूनमध्ये वूव्रेवर गारपीट झाली; गारपीट म्हणजे काय हे निफाड-चांदवडच्या माणसाला मी सांगायला नको.

म्वालोची गोडी कुठून येते ते ऐका. बाहेरून साखर घालत नाहीत. द्राक्षं वेलावर मुद्दाम ठेवतात, धुक्याच्या सकाळी त्यांवर बोट्रायटिस बुरशी चढते, साल भोकसते, पाणी उडतं आणि आत मधासारखा घट्ट रस उरतो. सगळे मणी एकदम तयार होत नाहीत, म्हणून त्याच बागेत तीन-तीन, चार-चार वेळा फिरून तेवढेच घोस किंवा मणी काढतात. या फेरीला 'त्री' म्हणतात. अशा घोसाचा फोटो, राखाडी केसाळ बुरशीने माखलेला, मी बाबांना अभिमानाने पाठवला. आयुष्यभर भुरी आणि डावणीशी लढलेला माणूस. त्यांचा लगेच फोन: "फवारणी कुणी केली नाही का? माणसं चांगली दिसतायत, मग बाग अशी का सोडली?" याच घोसाची बाटली तिथे सगळ्यात महाग विकतात हे त्यांना पटवायला मला अर्धा तास लागला, आणि पूर्ण पटलं असं आजही वाटत नाही.

लेबलाचा सराव करायला एक उदाहरण देते. दोमेन ह्युए हे वूव्रेतलं सगळ्यात नावाजलेल्या घरांपैकी एक. १९२८ साली सुरू झालं, १९९०च्या सुमाराला जैवगतिक (बायोडायनॅमिक) शेतीकडे वळलं. लावतात फक्त शेनिन. त्यांच्या तीन बागा: ल ओ-ल्यो, ल माँ आणि क्लो द्यु बूर. पहिलीत जड, खोल चिकणमाती, वाइन लवकर मोकळी होते. दुसरीत माती कमी आणि गारगोटी जास्त, वाइन ताठ, हाडकुळी. तिसरी गावालगतची, दगडी कुंपणाची. मातीचा थर पातळ आणि लगेच खाली चुनखडी. प्रत्येक बागेतून, वर्ष साथ देईल तशी, सेक, दमी-सेक आणि म्वालो निघते. म्हणजे एकच द्राक्ष, एकच घर आणि नऊ बाटल्या. तुम्ही लेबल असं वाचायचं: घर, बाग, गोडी, वर्ष. चार गोष्टी कळल्या की बाटली कळली.

३. जायचं कसं आणि बरोबर काय घ्यायचं

पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवरून वेगवान गाडीने तासाभरात सँ-प्येर-दे-कोरला उतरता. तिथून पाच मिनिटांची जोडगाडी तूरला. काही गाड्या थेट तूरला येतात, पण बहुतेक येत नाहीत, आणि नवखा माणूस "तूर कधी येणार" म्हणत सँ-प्येरवरून पुढे निघून जातो. तूरहून वूव्रेला बस आहे. गाडी भाड्याने घेणार असाल तर चालवणारा पिणार नाही हे आधीच ठरवा. रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम ही मर्यादा, आणि परवाना नवा असेल तर ०.२, म्हणजे जवळपास शून्यच.

वेळेचा सापळा सगळ्यांत मोठा. बारा ते दोन सगळं बंद. खरंच बंद. आम्ही पहिल्यांदा बारा वाजून पाच मिनिटांनी पोहोचलो. आतून कांदा परतल्याचा वास येत होता, माणसांचे आवाज येत होते आणि दार बंद. दोन तास नदीकाठी केळी खात बसलो. रविवारी बरीच घरं उघडत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी चालू असते, तेव्हा लहान घरांना तुमच्याकडे बघायलाही वेळ नसतो. मे-जून किंवा काढणी उरकल्यावरचा नोव्हेंबर उत्तम. लहान घरांना दोन-तीन दिवस आधी फोन किंवा मेल करून वेळ घ्या.

बरोबर घ्यायच्या गोष्टी:

- पासपोर्ट किंवा राहण्याचा परवाना (अठराच्या खालच्यांना दारू विकत नाहीत, चेहरा लहान दिसत असेल तर विचारतात)
- स्वेटर, जूनमध्येसुद्धा. तळघरात बारा अंशांच्या आसपास असतं
- पाण्याची बाटली आणि पोटात काहीतरी
- पेन आणि वही, कारण पाचव्या पेल्यानंतर पहिला आठवत नाही
- उन्हाळ्यात गाडी असेल तर थंड पिशवी. डिकीत बाटल्या शिजतात

परफ्यूम, अत्तर लावू नका. तळघरात बाकीच्यांना मग तुमचाच वास येत राहतो.

४. तळघरात गेल्यावर

वूव्रेची तळघरं डोंगराच्या पोटात आहेत. तिथला पांढरट-पिवळा मऊ दगड, 'त्युफो', सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा. त्या भूगर्भीय काळाचं 'तुरोनियन' हे नावच या प्रदेशावरून पडलं आहे. ल्वारकाठचे राजवाडे बांधायला हा दगड कापून नेला, आणि मागे जी पोकळी राहिली तिच्यात लोक राहू लागले, वाइन ठेवू लागले. अजूनही कड्यात दार-खिडक्या दिसतात आणि वर गवतातून धुराडं डोकावतं.

आत शिरल्यावर पहिला शब्द "बोंजूर". त्याआधी काही विचारलंत तर उत्तर मिळेल, पण थंड. मग, "ऑँ पू देगुस्ते?" म्हणजे चाखता येईल का. काही ठिकाणी चाखणं फुकट असतं, काही ठिकाणी पाच-दहा युरो घेतात आणि बाटली घेतली तर सोडून देतात. फुकट चाखलंत तर निदान एक बाटली घ्यावी, हा अलिखित रिवाज. सेकची बाटली उत्पादकाच्या दारात साधारण दहा-पंधरा युरोंपासून मिळते.

क्रम ते स्वतःच लावतात: बुडबुडेवाली, सेक, दमी-सेक, शेवटी म्वालो. उलट करायला सांगू नका. गोडानंतर कोरडी वाइन चिंचेच्या पाण्यासारखी लागते. पेला दांड्याला धरा. आधी वास, मग छोटा घोट तोंडात फिरवा आणि थुंका. हो, थुंका. त्यासाठी बादली ठेवलेली असते, तिला 'क्राश्वार' म्हणतात. आपल्याला हे भलतंच असभ्य वाटतं, मलाही दोन खेपा लागल्या, पण तिथे थुंकणाऱ्याला जाणकार समजतात आणि सगळं गिळणाऱ्याला पर्यटक.

वास ओळखताना फ्रेंच यादी पाठ करू नका. त्यांचं कॅमोमाइल तुमच्या घरी कधी नव्हतं. मला एका दमी-सेकमध्ये ओल्या घोंगडीचा वास आला, आणि बिचकत सांगितल्यावर तळघराच्या मालकीणबाई खूश झाल्या. शेनिनचा तो खासा वास आहे, तेही ओली लोकरच म्हणतात.

त्या बाई सत्तरीच्या पुढच्या. निघताना त्यांनी आम्हाला थांबवलं, आतल्या बोळात गेल्या आणि बिनलेबलाची, काळ्या बुरशीने मढलेली बाटली घेऊन आल्या. एप्रनच्या टोकाने तोंड पुसलं, बूच हळूहळू, जवळजवळ मायेने ओढलं. पेल्यात जुन्या तुपाच्या रंगाचं काहीतरी उतरलं. "कुठलं वर्ष?" नवरा म्हणाला २०१०. मी, जरा जास्त धीट होऊन, २००२. बाईंनी कोनाड्यातली पाटी फिरवून दाखवली. खडूने लिहिलं होतं: ८९. वास मधाचा आणि पावसात भिजलेल्या मातीचा, आणि जिभेवर इतक्या वर्षांनीही तो आंबटपणा शाबूत. गोड शेनिन इतकी टिकते ती या आंबटपणाच्या जोरावर. ती बाटली विकायची नव्हती. मी विचारलं होतं.

शाकाहाऱ्यांनी इथे एक प्रश्न विचारून घ्यावा. वाइन गाळून स्वच्छ करायला काही जण अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात. काही जण बेंटोनाइट नावाची माती, तर काही काहीच नाही. अंड्याचा किंवा दुधाचा अंश उरला तर लेबलावर लिहिणं युरोपात बंधनकारक आहे, पण जिलेटिन-माशाचं तसं नाही. "व्हेगन?" एवढं विचारलं तरी त्यांना कळतं.

५. कशाबरोबर काय

आधी तिथलं. सगळ्यांत सोपी आणि न चुकणारी जोडी म्हणजे सेक वूव्रे आणि बकरीच्या दुधाचं चीज. सँत-मोर द तुरेन हे तिथलं: वीतभर लांब नळकांडं, बाहेरून राखेने करडं, आत पांढरंशुभ्र, आणि मधोमध राय नावाच्या धान्याची (मोहरी नव्हे) काडी, तिच्यावर उत्पादकाची खूण कोरलेली. चीजचा खारट आंबूसपणा आणि वाइनचा आंबटपणा एकमेकांना गिळून टाकतात आणि तोंडात नुसती साय उरते. लाल वाइन आणि चीज हा आपण सिनेमात बघितलेला प्रकार. एकदा ही जोडी खाल्ली की तो विसराल. कट्टर शाकाहाऱ्यांसाठी: या चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण, 'प्रेझ्युर', वापरतात. मला हे सहा महिन्यांनी कळलं आणि सासूबाईंना मी अजून सांगितलेलं नाही.

मांसाहारी असाल तर 'रियेत द तूर': डुकराचं मांस चरबीत तासन् तास शिजवून रेषे-रेषे केलेलं, पावावर जाड लावून. याच्याबरोबर ब्र्युत किंवा सेक. ल्वारमधला 'सांद्र' मासा लोण्याच्या पांढऱ्या सॉसमध्ये मिळतो, त्याला सेक किंवा थोडी मुरलेली दमी-सेक. म्वालोबरोबर निळं चीज किंवा सफरचंदाचा तार्त ताताँ.

आता आपलं. दोन वर्षांत घरी जे जे केलं त्याच्याबरोबर बाटली उघडून बघितली. नवऱ्याने याला संशोधन हे नाव दिलं.

कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, कांदाभजी आणि ब्र्युत: फर्मास. तेलकटपणा बुडबुडे धुऊन नेतात. फक्त हिरवी चटणी बाजूला ठेवा. रवा लावून तळलेली सुरमई किंवा पापलेट, लिंबू न पिळता: सेक. लिंबू आधीच आंबट वाइनवर पडलं की दोन्ही फिके होतात. नारळाच्या रसातली कोलंबी: दमी-सेक. सोलकढी त्याच ताटात नको, दोन आंबट एका म्यानात राहत नाहीत.

आणि पांढरा रस्सा. हा माझा सगळ्यात मोठा शोध. खसखस, तीळ, काजू, नारळाचं दूध, मटणाचा अर्क. तिखट आहे पण मिरचीचा भडका नाही. थंड दमी-सेक त्याच्यावर अशी बसली, की तेच शेजारी, मासे आणि म्वालोवाले, परत बोलावल्यावर तीन वाट्या प्यायले आणि या वेळी कुणी मनोरंजक म्हणालं नाही. अर्ध्या गोडीने तिखट निवतं, आंबटपणाने काजू-खोबऱ्याचा जडपणा कापला जातो. तांबड्या रश्श्याला मात्र ताकच घ्या. मिसळ, ठेचा, झणझणीत वांग्याचं भरीत, यांच्यापुढे कुठलीच वाइन उभी राहत नाही. मद्यार्काने मिरची अजून भाजते.

भरली वांगी, कमी तिखटाची आणि गोडा मसाल्याची, मुरलेल्या दमी-सेकबरोबर बरी जातात. दगडफूल आणि त्या ओल्या लोकरीचं काहीतरी नातं असावं.

फसण्याची जागा: पुरणपोळी आणि म्वालो. गोडाबरोबर गोड असं वाटतं, पण पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट आणि पाणचट लागते. पुरण, श्रीखंड, गुलाबजाम, सगळ्यांपुढे ती हरते. म्वालोबरोबर पिकलेली ताजी अंजिरं खा. पुरंदरची अंजिरं हंगामात मिळाली तर ही जोडी मुंबई-पुण्यातही जमते.

तापमानाचं थोडक्यात: ब्र्युत फ्रिजमधून थेट, सेक दहा मिनिटं आधी बाहेर, दमी-सेक आणि म्वालो वीसेक मिनिटं आधी. बर्फगार केली की वास मरतो.

६. शेजारची लाल

वूव्रेत लाल होत नाही. लाल हवी तर तूरच्या पश्चिमेला शिनाँ आणि बूर्गय ही गावं. द्राक्ष काबेर्ने फ्राँ, स्थानिक नाव 'ब्रेताँ'. हलकी, रास्पबेरी आणि ढोबळी मिरचीच्या वासाची, किंचित गार करून प्यायची. मश्रूमबरोबर छान, त्याच त्युफोच्या खाणींत सोम्युर गावाच्या बाजूला मश्रूम पिकवतात. एक दिवस हाताशी असेल तरच जा. दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

७. भारतात नेताना

भारतात उतरताना माणशी दोन लिटर दारू शुल्काविना आणता येते. एक बाटली ७५० मिलिलिटरची, म्हणजे दोन बाटल्या. तीन झाल्या की सव्वादोन लिटर आणि तुम्ही मर्यादेबाहेर. नवरा-बायकोची मर्यादा एकत्र धरून पाच बाटल्या एकाच्या बॅगेत टाकू नका; हिशोब माणशी होतो. विमानतळावरच्या ड्युटी-फ्रीत घेतलेली बाटलीही याच दोन लिटरांत मोजतात, हे बरेच जण विसरतात.

बाटल्या चेक-इन सामानात, पावतीसह. पॅरिसला केबिन बॅगेतून नेऊ देणार नाहीत. जाड लोकरी मोजा, त्यावर झिप पिशवी, आणि बॅगेच्या मधोमध कपड्यांत. कडेला ठेवलेली फुटते. फसफसणारीची काच जाड आणि जड, वजनाचा अंदाज आधी घ्या. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ आहे, तेव्हा धाकट्या भावंडांना भेट म्हणून आणताना भान ठेवा.

घरी आल्यावर खरा शत्रू उकाडा. स्वयंपाकघरातलं वरचं कपाट, फ्रिजच्या डोक्यावर, शोकेसमध्ये दिव्याखाली, या तीन जागा सोडून कुठेही ठेवा. सेक आणि ब्र्युत वर्षभरात संपवा. फ्रिजचा भाजीचा कप्पा चालतो. उघडलेली दमी-सेक बूच लावून फ्रिजमध्ये चार-पाच दिवस सहज राहते, म्वालो त्याहून जास्त.

मी बाबांसाठी दोन म्वालो आणल्या होत्या. एक दिवाळीत उघडली. ते खुर्चीत बसून बराच वेळ पेल्याकडे बघत राहिले, मग घोटभर प्यायले आणि म्हणाले, "आंबटपणा चांगला धरलाय. ब्रिक्स किती होता काढताना?" ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. मला सांगता आलं नाही. दुसरी बाटली त्यांनी गव्हाच्या कोठीत गाडून ठेवली आहे. अधूनमधून उकरून बूच कोरडं आहे ना ते बघतात, आणि आईला बजावून ठेवलंय, की गहू काढताना हात जपून घालायचा.